मासवडीतला मासा

उर्सुलाबाईला कळंबात येऊन नऊ दिवस झाले होते आणि शीलाच्या डोक्याला नऊ दिवसांचा ताप. ही जर्मन बाई पुण्याला ऋषीच्या कॉलेजात खेड्यातल्या बोलीचा अभ्यास करायला आली, आणि शीलाच्या या दिवट्या चिरंजीवांनी तिला थेट घरी आणून सोडलं. स्वतः दुसऱ्या दिवशी परीक्षेचं निमित्त सांगून पसार. मागे उरली ती वही घेऊन शीलाच्या पाठोपाठ फिरणारी बाई. धार काढताना वही, धुणं धुताना वही. शीला शिंकली तरी ती लिहून घ्यायची.

त्यात जायच्या आदल्या दिवशी तिने जाहीर केलं, "आज मी आपणा सर्वांसाठी स्वयंपाक करू इच्छिते. सामान मीच बाजारातून आणीन."

"अवो, पावण्यांनी कुठं चुलीपुढं बसायचं असतं व्हय?" शीला म्हणाली.

पण बाई हट्टाला पेटली. करणार काय, तर मासवडी. नऊ दिवसांत भेटेल त्याने तिला विचारलं होतं, मासवडी खाल्ली का? आणि शीलाला ती करायला सवड झाली नव्हती, हेही खरं. शेवटी तिने नवऱ्याला, भिमाजीला, बजावलं, बाईसंगं मंचरच्या बाजारात जा, बेसन, सुकं खोबरं, तीळ, कोथिंबीर एवढंच आणा, नजर ठेवा. भिमाजी हो म्हणाला. भिमाजी कशालाही हो म्हणतो, हीच तर शीलाच्या जन्माची रड.

दोघं परत आली तेव्हा सासूबाई, चिमाबाई, ओट्यावर डाळ निवडत होत्या. उर्सुलाबाईने त्यांच्यासमोर पिशवी ठेवली आणि शाळेतल्या पोरीसारखं स्पष्ट सांगितलं, "धरणातले ताजे मासे. मासवडीसाठी दोन किलो."

शीलाच्या हातातला तांब्या निसटला. मासवडीत मासा नसतो, हे आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. बेसन शिजवायचं, ओल्या फडक्यावर थापायचं, आत तीळ-खोबऱ्याचं सारण भरून गुंडाळायचं. कापलेली वडी माशाच्या तुकडीसारखी दिसते, म्हणून नाव तेवढं माशाचं. पण बाईने वहीत शब्दाची फोड करून ठेवली होती, मासा अधिक वडी.

"आन तुमी कुठं व्हता?" शीलाने नवऱ्याला विचारलं.

"च्या पीत व्हतो. मला वाटलं, त्यांच्यात घालत असत्याल."

चिमाबाईंच्या गळ्यात तुळशीची माळ, बावीस वर्षांची. ऋषी लहानपणी आजारी पडला तेव्हा डॉक्टरांच्या सांगण्यावरून शीलाने एक अंडं घरात आणलं होतं. एकच. चिमाबाई त्याच पावली पेठला लेकीकडे निघून गेल्या आणि दीड महिना आल्या नाहीत. गावभर झालं, सुनेनं सासू घालवली. अजून एखादी म्हातारी पाणवठ्यावर ते उकरून काढते. आता तर दोन किलो. शीलाला चिमाबाईंचं गाठोडं डोळ्यांसमोर दिसायला लागलं.

चिमाबाईंनी पिशवीकडे पाहिलं, बाईकडे पाहिलं, आणि तोंडाला पदर लावून हसत सुटल्या. उर्सुलाची त्यांच्या तोंडी पहिल्या दिवसापासून सुलाच झाली होती. "आगं सुला, मासवडीत मासा नसतोय. ये, हातपाय धू. मी दावते तुला."

झालं. सुटली शीला. पण सुटल्याचं समाधान राहिलं बाजूला, तिच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

"आत्याबाई, लेकराच्या एका अंड्यापायी तुमी घर सोडलं. आज दोन किलो मासं आलं तर हसताय?"

"ती पावणी हाय. तिला काय ठावं?"

"मला तरी काय ठावं व्हतं? डाक्टरनं सांगितलं म्हणून आणलं. तवा मला कोण हसलं न्हाई. दीड महिना दाराला कान लावून बसले मी, तुमी येताय का म्हणून."

चिमाबाईंचं हसू मावळलं. डाळ निवडणारी बोटं थांबली. "ते मासं टाकून ये आदी," त्या हळूच म्हणाल्या.

"टाकत न्हाई. गोठ्यामागं तीन दगडं मांडते न् कालवण करून खाते. माझं माहेर घोड नदीच्या काठचं. आई गेल्यापासनं मासा चाखला न्हाई मी."

"आन मी पेठला गेले तर?"

"जावा. पर जेवून जावा. पावणी तुमच्यासाठी रांधणार हाय."

शीलाने पिशवी उचलली आणि निघाली. गोठ्यामागे एका जुन्या अॅल्युमिनियमच्या पातेल्यात तिने लसूण-मिरची घालून कालवण केलं आणि एकटीने बसून खाल्लं. रडत रडत खाल्लं. काटे निवडताना आईची लई आठवण आली.

परत आली तेव्हा उर्सुलाबाई बेसनाने माखलेले हात घेऊन स्वयंपाकघरात उभी होती आणि भिमाजी मान खाली घालून भाकरी चुरत होता. चिमाबाई न जेवता उंबऱ्यावर बसल्या होत्या. शीलाने आधी खुंटीकडे नजर टाकली. चिमाबाईंची पेठला न्यायची पिशवी तिथेच लटकत होती.

"पोटभर खाल्लंस का?" त्यांनी विचारलं.

शीलाने होकारार्थी मान डोलावली.

"मग आंघोळ करून ये. त्याबिगर चुलीला शिवू नगंस." मग खाली बघत त्या म्हणाल्या, "तवर थांबते मी जेवायची."