प्रभूच्या मेजाची इस्त्री

आमच्या वन्संना बसता यायचं नाही. गुडघे दुखायचे म्हणून नव्हे. गुडघे माझे दुखतात. बसणंच त्यांना जमायचं नाही. कॉफी प्यायच्या ती ओट्याला टेकून, उभ्यानं. फारच आग्रह केला तर खुर्चीच्या कडेवर टेकायच्या, आणि दारात पाऊल वाजलं की ताडकन उठून हातात फडकं घ्यायच्या. रिकाम्या हातानं बसलेली बाई दिसली तर लोक काय म्हणतील! तसं झीलंड या डच प्रांतातल्या आमच्या गावात सगळेच असे. बांधापलीकडे समुद्र, अलीकडे बटाटे, कांदे आणि गायी, आणि मध्ये आम्ही राबणारे. पण वन्सं म्हणजे अगदी कहर.

वन्सं म्हणजे पीटरनेला, माझ्या नवऱ्याची, लेन्डर्टची, थोरली बहीण. लग्न केलं नाही. सासू-सासऱ्यांचं सगळं त्यांनी केलं, माझी पोरंही निम्मी त्यांनीच वाढवली. रविवारी मात्र त्यांचे हाल बघवायचे नाहीत. रविवारी काम करायचं नाही, बटाटेसुद्धा शनिवारीच सोलून पाण्यात ठेवायचे. गायींचं दूध तेवढं काढायचं, कारण गायींना वार कळत नाही. सकाळी चर्च, दुपारी पुन्हा चर्च, आणि मधल्या वेळात वन्सं खिडकीपाशी ताठ बसून विसावा घ्यायच्या. विसावासुद्धा त्या कामासारखा उरकायच्या.

त्यांचं एक काम साऱ्या गावाला ठाऊक होतं. चर्चमध्ये प्रभुभोजन, म्हणजे प्रभूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घ्यायचा विधी, असला की पुढे लांबलचक मेज मांडतात. त्यावरचं पांढरं कापड धुवायचं, खळ द्यायची, इस्त्री करायची आणि आदल्या दिवशी जाऊन अंथरायचं. सासूबाई गेल्यापासून हे वन्संकडेच. त्या कापडावर एक चुणी सापडेल तर शपथ! आणि त्या मेजाशी त्या एकदाही बसलेल्या नव्हत्या.

बसतं कोण म्हणा! चर्च खचाखच भरलेलं असतं, आणि मेजाशी जाऊन बसतात ती चार म्हातारी माणसं. बाकीचे आम्ही बाकांवरून बघत राहतो. देवानं आपल्याला खरोखर बोलावलंय अशी खात्री नसताना जो बसेल तो भाकरीबरोबर स्वतःची शिक्षाही खाईल, हे पाळण्यापासून कानांवर पडलेलं. आणि माझी खात्री झालीय असं म्हणायची सोय नाही. म्हटलं की झाला गर्व. म्हणून सगळे मान खाली घालून राबतात आणि वाट बघतात. सासूबाई वाट बघता बघताच गेल्या.

या वसंतात वन्संना पायऱ्यांवर धाप लागायला लागली. डॉक्टर म्हणाले, हृदय पार थकलंय, उन्हाळा पार पडला तरी खूप झालं. लेन्डर्ट दोन दिवस गोठ्यातच राहिला. वन्संनी मात्र ऐकून घेतलं आणि घरी येऊन काचा पुसायला घेतल्या. मीच हातातला बोळा हिसकावून घेतला.

प्रभुभोजनाच्या आधी कापड काढलं, तर त्यांना इस्त्री उचलवेना. मग मी उभी राहिले इस्त्रीला आणि त्या खुर्चीच्या कडेवर.

"अगं, आडवी फिरव. नाही, तशी नाही. तू काय गोठा झाडतेयस?"

"वन्सं, पहाटेपासून मी पायांवर आहे. जरा गप्प बसा."

"गप्प बसते. पण कोपऱ्यात पिवळं दिसतंय बघ."

"दिसू दे! देव कोपऱ्यात बघायला येणार नाही."

एरवी त्यांनी मला चांगलं झापलं असतं. त्या दिवशी नाही. मी मान वर केली तर त्या कापडाकडे बघत होत्या. मग हळूच म्हणाल्या, "क्रीना, मला एकदा तिथं बसायचंय गं. जायच्या आधी एकदा."

इतक्या वर्षांत या बाईनं स्वतःसाठी काही मागितलेलं मी ऐकलं नव्हतं. पण माझं तोंड हे असं.

"मग बसा की! कुणी धरलंय तुम्हाला?"

"असं कसं बसणार? देवानं बोलावल्याची खात्री अजून कुठं झालीय माझी? माझ्यापाशी दाखवण्यासारखं आहे काय?"

"अजून किती कापडं इस्त्री केली म्हणजे होईल?"

"कामानं मिळत नाही ते. एवढं कळतं मला."

"कळतं ना? मग?"

"डोक्याला कळतं," वन्सं म्हणाल्या. "हातांना कोण सांगणार?"

मी कोपरा पुन्हा दाबला.

त्याच आठवड्यात मंडळीचे वडील, म्हणजे चर्चच्या पंचांपैकी एक, स्मालेगांगे घरोघर विचारपूस करत आमच्याकडे आले. काळा सूट, गुडघ्यांवर हात. "पीटरनेला, आत्म्याचं कसं काय?" वन्सं किटली घेऊन उभ्याच होत्या. लाल झाल्या आणि म्हणाल्या, "इच्छा फार आहे हो." त्यांनी हात गुडघ्यांवर घासले. मग म्हणाले, इच्छा असणं चांगलंच, पण इच्छा माणसाला फसवतेही, स्वतःला नीट तपासून बघा. वन्संनी मान डोलावली आणि त्यांचा कप विसळायला घेतला. माणूस वाईट नाही हो. स्वतः तेही कधी बसलेले नाहीत, मेजाशी येणाऱ्यांना जागा तेवढी दाखवतात. पण त्या क्षणी ती किटली त्यांच्या डोक्यावर ओतावीशी वाटली मला.

रविवारी वन्सं माझ्या शेजारी होत्या. लेन्डर्टनं पेपरमिंटची गोळी पुढे केली, ती त्यांनी घेतली नाही. पाळकांनी भाकर आणि द्राक्षारस यांवर झाकलेला रुमाल काढला, थकल्याभागल्यांनी यावं असं नेहमीप्रमाणे म्हटलं, आणि आम्ही स्तोत्र धरलं, आमच्याकडे म्हणतात तसं, एकेक सूर ओढत. ती चार म्हातारी माणसं उठली. आणि माझ्या शेजारची जागा रिकामी झाली.

वन्सं निघाल्या होत्या. काळी टोपी, हातात काही नाही. बाकाबाकांवर माना वळत होत्या, गाणं पातळ होत गेलं. लेन्डर्टनं माझा हात इतका घट्ट धरला की दुखलं. मी मनात म्हणत होते, आता चार पावलं, वन्सं, आता दोन.

पोचल्या. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. आणि त्यांची नजर कापडावर गेली. मेजाच्या कडेला कापड जरा वर आलं होतं. त्यांनी ते खाली ओढलं. तळव्यानं सारखं केलं. मग पुढची कड. मग त्यापुढची. अशा त्या मेजाच्या टोकापर्यंत गेल्या, खुर्च्यांमागून, कापड सारखं करत, आणि टोकाला पोचल्यावर वळून परत यायला निघाल्या, काम उरकून निघाल्यासारख्या. लोकांना वाटलं त्या त्यासाठीच उठल्या होत्या. सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. मला ऐकू आला तो.

माझं डोकंच फिरलं. लेन्डर्टनं बाही धरली, ती सोडवून मी उठले. आमच्या चर्चमध्ये बायका बोलत नाहीत. माझे बूट वाजत होते, त्याची मला लाज वाटली, तरी गेले आणि वन्संची वाट अडवली.

"इस्त्री झालीय, वन्सं. बसा."

"तू इथं कशाला आलीस? जा परत," त्या कुजबुजल्या. ओठ पांढरे पडले होते. "तुझी खात्री झालीय का?"

"कसली खात्री! मी दमलेय," मी म्हटलं, आणि खुर्ची ओढून बसले.

खरंच दमले होते. पहाटेचं दूध, पोरांचं, गोठ्याचं, आता यांचं, सगळं एकदम पायांत उतरलं. शिक्षा व्हायची तर होऊ दे, पण आता उठणार नाही, एवढंच डोक्यात होतं. वन्सं माझ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी शेजारची खुर्ची ओढली. कडेवर टेकल्या. आणि हळूहळू मागे सरकल्या, पाठ टेकेपर्यंत.

भाकरीचं ताट आलं. मग पेला आला. पेला पुढे देताना वन्सं हसल्या. मोठ्यानं नाही, पण ऐकू येईल इतपत. प्रभुभोजनाला कुणी हसलेलं आमच्या गावानं पाहिलं नव्हतं. मला रडू फुटलं, आनंदानं की थकव्यानं, देव जाणे.

शेवटचं स्तोत्र झालं. मेजाशी बसलेली माणसं उठून आपापल्या बाकांवर गेली. चर्चचा नोकर येऊन ताट-पेला उचलू लागला. एरवी हे काम वन्सं करायच्या. त्यांच्या पुढ्यातून त्यानं पेला उचलला, थोडा द्राक्षारस कापडावर सांडला, वन्संनी बघितला आणि हात मांडीवरून हलवले नाहीत.

स्मालेगांगे वाकून जवळ आले. "पीटरनेला, बरं वाटत नाही का? उठवत नाही?"

"बरं वाटतंय," वन्सं म्हणाल्या. "म्हणून तर उठत नाहीये."

ते तिथंच उभे राहिले, आणि आम्ही दोघी बसून राहिलो.