प्रभूने मारलेला

"म्हणे देवाच्या न्यायात तसूभर चूक होत नाही!" चर्चच्या भर उपासनेत उभं राहून पाथरवटानं गर्जना केली. पाळकांनी फक्त मागचा पंखा कुणी बंद करील का, एवढंच विचारलं होतं.

पाथरवट आठवडाभर धुमसत होता. सगळी मंडळी ज्याला पाठीमागे 'साक्षीदार' म्हणायची, तो माणूस वारला होता. त्यानं कोर्टात शपथेवर खोटं बोलून पाथरवटाच्या थोरल्या भावाला चोरीच्या आरोपात अडकवलं होतं. दादा चौथ्या वर्षी तुरुंगातच खोकून खोकून गेला. आणि साक्षीदार? शेवटच्या आठवड्यात पाळकांचा हात धरून ढसाढसा रडला, सगळं कबूल केलं आणि लेकरासारखा शांत डोळे मिटून मोकळा झाला.

"खोटं बोलून दादाला आत घातलं, आणि खरं बोलून हा स्वतः आत!" पाथरवट पाळकांवर उखडला. "वर दारात कुणी बसतं की नाही?"

"कृपा अशीच असते, भाऊ."

"मग तिला जरा चौकशी करायची सवय लावा."

थडग्यांचे दगड घडवणारा मंडळीत तोच एकटा. त्यामुळे साक्षीदाराचा दगडही त्याच्याच ओट्यावर येऊन पडला. सोबत पाळकांच्या हातची चिठ्ठी: नावाखाली 'प्रभूने तारलेला' असं कोरायचं.

पाथरवटानं दातओठ खात छिन्नी चालवली. त्याची रीत अशी, की आधी एकेक अक्षर कोरायचं आणि डोक्यावरची रेघ अगदी शेवटी ओढायची. रेघ पडेपर्यंत शब्द वाचायचा नाही. शनिवारी सकाळी रेघ पडली, त्यानं दगडावर बादलीभर पाणी ओतलं, आणि नेमके त्याच वेळी पाळक साक्षीदाराच्या बायकोला घेऊन दारात उभे राहिले.

दगडावर स्वच्छ, टपोऱ्या अक्षरांत होतं: प्रभूने मारलेला.

पाळकांचा चेहरा दगडापेक्षा पांढरा पडला. चाळीस वर्षांत पाथरवटाची एक वेलांटीसुद्धा चुकली नव्हती.

"चिठ्ठीत तुमचा 'त' असाच असतो," तो पुटपुटला.

"माझा 'त' कुणाला मारत नाही," पाळक म्हणाले.

बाईंनी चष्मा लावला. वाचलं. पुन्हा वाचलं. मग पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "छान झालंय. राहू दे असंच."

"अहो वहिनी!" पाथरवट दचकला.

"काय अहो? तेहतीस वर्षं काढलीत मी त्या माणसाबरोबर. घरात सरळ एक शब्द बोलला नाही. शेवटी एकदा रडला, तोही पाळकसाहेबांजवळ. माझ्याजवळ रडायला काय झालं होतं? मारलेलाच बरा. उद्या बसवून टाका."

"तसं नाही चालायचं," पाथरवट म्हणाला.

"तुम्हाला काय झालं? तुमचा तर सख्खा भाऊ खाल्ला त्यानं. त्याची बाजू घेता?"

"त्याची कोण घेतंय! मेला तो. मी प्रभूची घेतोय." पाथरवटाचा आवाज चढला. "प्रभू माणसं मारत हिंडत नाही, वहिनी. एवढा रडत आलेला माणूस तो दारातून हाकलत नाही. तसला नाहीच तो."

बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते त्याच्या कानावर पडलं. पाळक खोकले. पाथरवटानं त्यांच्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की खोकला घशातच विरला.

एका अक्षरासाठी दगडाचा अख्खा चेहरा बोटभर उतरवावा लागतो. दुपारपर्यंत तो घाव घालत होता, आणि प्रत्येक घावाला साक्षीदाराला एक शिवी हासडत होता. पाळकांनी त्या ऐकल्या नाहीत, म्हणजे तसं दाखवलं. बाई स्टुलावर बसून राहिल्या. घरी जाऊन तरी काय करायचं होतं?

संध्याकाळी सगळी अक्षरं पुन्हा कोरून झाली, नवा 'त' उतरला. पाथरवटानं छिन्नी खाली ठेवली, घाम पुसला आणि छताकडे बघून दरडावलं, "घेतलंस त्याला, घे. मी आडवा येत नाही. फक्त दादाच्या शेजारी बसवू नकोस."

"आणि मी येईन तेव्हा," स्टुलावरून बाई म्हणाल्या, "माझ्याही नको. खिडकीजवळ मिळालं तर बघ."