बनाबाईच्या पावलांवर

बनाबाई आठवली की आधी ओल्या लोकरीचा आणि चिंचोक्याच्या खळीचा आंबूस वास येतो, मग वैशाखातल्या सोलापुरी उन्हाचा पांढरा दाह अंगावर येतो, आणि त्या दाहात चाळीच्या ओट्यावर पाय पसरून लोकर कातणारी, काळ्याभोर कांतीची, रुंद हाडांची ती धनगरीण दिसू लागते. सांगोल्याकडच्या माळावर तिची मेंढरं गेली, नवरा गेला, आणि दुष्काळानं तिला आमच्या गिरणीच्या चाळीत आणून टाकलं. उरलं काय, तर हातातली लोकर कातायची चाती आणि जिभेवरच्या शिव्या. ती प्रेमळबिमळ मुळीच नव्हती. सगळी चाळ तिला भ्यायची, आणि मला तर भ्यायला चांगलं कारण होतं.

मी तेव्हा नऊ वर्षांची, धाकटी चिंगी अडीचची. आई-बा दोघंही गिरणीत. सकाळचा भोंगा व्हायच्या आत आई चिंगीच्या जिभेवर मोहरीएवढी अफूची गोळी ठेवायची. दचकू नका. आमच्या चाळीत कामावर जाणाऱ्या बायका हेच करायच्या. लेकरू निजलं तर खाडा नाही, आणि खाडे झाले की खात्यातनं हाकलायला मुकादम टपलेलाच. पण गोळीचा अंमल दुपारी उतरायचा, चिंगी किरकिरायला लागायची, आणि बाहेर पिंपळाखाली पोरींचा सागरगोट्यांचा डाव रंगलेला असायचा. मग मी डबीतून आणखी एक गोळी काढून तिला चारायची. रोज. खोटं कशाला बोलू, मला खेळायचं होतं.

हळूहळू चिंगीचं पोट गच्च झालं. शी होईना, आणि एकदा जी झाली ती दगडासारखी, रक्त काढून झाली. त्या दिवसापासून त्या इवल्या देहानं जणू शपथच घेतली. कळ आली की ती चौकटीला धरून पाय आवळून उभी राहायची, लाल-निळी व्हायची, कपाळावर घामाचे थेंब फुटायचे, आणि असं किंचाळायची की ओट्यावरची कुत्री उठून जात. ते भय होतं, निव्वळ भय, पण आमच्या घरात भयाला हट्ट म्हणायची रीत होती. "नाटकं करतीया," म्हणत बानं तिला मोरीवर दाबून बसवली, मांड्यांवर वळ उठेपर्यंत मारली. नाक दाबून एरंडेल ओतलं, ते तिनं ओकून टाकलं. शेजारणीनं साबणाची कांडी घातली, तेव्हा चिंगी तिच्या मनगटाला कडकडून चावली. त्या छोट्याशा खोलीत तेव्हा मारणं, ओरडणं आणि ओकणं याखेरीज दुसरं काही चाललंच नव्हतं.

एका रविवारी बानं पुन्हा हात उगारला आणि बनाबाई दारातून आत घुसली. तिनं हातातली चाती सरळ त्याच्या मनगटावर हाणली.

"हात काढ! लेकरू हाय का ढोर? न्हायतर मोडून ठिवीन हात!"

बानं तिला ढकललं. तिचं कपाळ चौकटीवर आपटलं, भुवईवरून रक्ताची धार लागली, पण तिनं ते पुसलंसुद्धा नाही. चिंगीला तिनं उचलली, उजेडाकडे नेली, पापणी वर केली आणि टाचणीच्या टोकाएवढी झालेली डोळ्याची बाहुली बघितली.

"अफू चारताय. किती?"

"सकाळची एकच की ओ," आई म्हणाली.

"एका गोळीनं आतडं असं मरत न्हाय, बाई."

बस्स, एवढंच निमित्त बाला पुरलं. त्यानं आईला केसांना धरून ओट्यावर ओढली. आई आधी ओरडून सांगत होती, एकच देते, एकच देते, मग मार वाढत गेला तसा तिचा आवाज बारीक होत गेला आणि शेवटी ती म्हणाली, "दिल्या असतील दोन. मला आठवत न्हाय." मी दाराआड उभी होते. सगळी चाळ आईकडे बघत होती, एकटी बनाबाई माझ्याकडे बघत होती.

दुसऱ्या दिवशी भोंगा झाल्यावर तिनं मला दंडाला धरून आपल्या खोलीत नेलं. "बोल," म्हणाली. मी सांगितलं. तिनं अशी कानाखाली काढली की डोळ्यांपुढे काजवे चमकले. मग जणू काही झालंच नाही अशा आवाजात म्हणाली, "पानी तापीव."

कोकरांची पोटं मोकळी करता करता आयुष्य गेलेली बाई ती, तिला घाई माहीत नव्हती. अफू तिनं एकदम तोडली नाही. निम्मी केली, मग पाव केली. भिजवलेल्या काळ्या मनुकांचं पाणी पाजलं, कोमट पाण्यात तूप दिलं, घमेल्यातल्या ऊन पाण्यात बसवून शेकलं, आणि बेंबीभोवती तेलाचा हात इतका सावकाश फिरवला की तेवढा वेळ खोलीतलं ऊनसुद्धा हलायचं थांबलं असं वाटे. मग ती पाटावर बसायची, दोन्ही पाय पुढं पसरायची आणि चिंगीला आपल्या पावलांवर शीला बसवायची. समोर मी.

"धर तिचं हात. आन् बघ डोळ्यानं. तोंड फिरवलंस तर बघ."

चिंगीच्या तोंडापुढे ती लोकरीचा पुंजका धरायची. "फुंक, बाय माझी. मेंढी उडीव." फुंकर मारली की आवळलेलं अंग घटकाभर सैल पडायचं, पुन्हा कळ आली की चिंगीची नखं माझ्या मनगटात रुतायची, आणि बहिणीच्या डोळ्यांत मला ते दिसायचं, जे मी केलं होतं. पहिला दिवस नुसता रडण्यात गेला. दुसऱ्या दिवशी चिंगी अंगभर थरथरत होती, मला ओरबाडत होती. मला पळून जावंसं वाटलं आणि बनाबाईनं नुसती मान वर केली तशी मी बसून राहिले. तिसऱ्या दिवशी, भर दुपारी, चिंगीनं किंकाळी फोडली आणि मग एकदम गप्प झाली. झालं होतं. रक्त, घाण सगळं त्या भेगाळल्या पावलांवर सांडलं होतं, पण चिंगी आपण होऊन उठेपर्यंत बनाबाईनं पाय तसूभरही हलवले नाहीत.

"लई शानी गं माझी बाय," ती म्हणाली. तिला मऊ बोलता येतं हे मला तेव्हा कळलं, आणि मी हमसून हमसून रडले.

संध्याकाळी सुजल्या गालानं आई आली आणि तिनं बनाबाईच्या पायांवर डोकं ठेवलं. "माझ्याच हातनं झालं ओ," एवढंच म्हणत राहिली. आईच्या पाठीवर हात ठेवून बनाबाईनं माझ्याकडे बघितलं. रागानं नव्हे. मी बोलेन म्हणून ती नुसती थांबली होती. दारात बा उभा होता. मी मान खाली घातली.

तिनं कधीच कुणाला सांगितलं नाही. चिंगीला ती दिवसभर आपल्यापाशी ठेवू लागली, त्यामुळं आईचं काम टिकलं आणि घरातली अफू संपली. चिंगीला शी करताना भ्यायला कारण उरलं नाही. पुढं पाऊसपाणी बरं झालं तशी बनाबाई आपल्या माळावर परतली, आणि एका हिवाळ्यात ती गेल्याचं कुणीतरी सांगत आलं. आई खूप जगली. पण चिंगीच्या पोरांना तिनं उभ्या जन्मात कधी गुटी पाजली नाही. "माझ्या हाताला इख हाय," म्हणायची आणि वाटी माझ्याच हातात द्यायची, आणि मी ती घ्यायची. दर वेळी सांगावंसं वाटायचं. शेवटी आईही गेली. आता जिला सांगायला हवं होतं तीच उरली नाही, तरी भर उन्हात दाराशी बसले की कुणीतरी मान वर करून माझ्याकडे बघतंय असं वाटतं, आणि कळतं की माणसं निघून जातात, पण त्यांचं आपल्यासाठी थांबणं काही संपत नाही.