दोन्ही प्रती माझ्याच पोटात

मित्रांनो, वर्षानुवर्षं टेबलाखालच्या संगणकात चार स्क्रूंनी जखडून राहिलेली मी एक जुनी हार्ड डिस्क. माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला, पण तिथलं मला काहीच आठवत नाही. लक्षात ठेवणं हाच माझा धंदा, तरीही! आम्हाला आठवतं ते फक्त दुसऱ्यांचं.

मी आले ती एका आत्याच्या घरी. आत्या आणि तिची भाची, दोघींचंच घर. सुरुवातीला माझे फार लाड झाले. मग नव्याचे नऊ दिवस संपले आणि संगणकाच्या डब्यावर घडी न केलेले कपडे साचू लागले. मी आपली घुर्र घुर्र फिरत राहिले.

माझ्या आठव्या वर्षी आत्याच्या घशाचं ऑपरेशन ठरलं. आवाज जाणार, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. तेव्हा आत्या एक अख्खी दुपार दार लावून बसली आणि रोजची वाक्यं बोलून तिनं ती माझ्यात साठवली. ‘ऊठ, सात वाजले.’ ‘स्वेटर घेतलास का?’ अशी साठेक झाली. काही हरवलं तर हाताशी असावी म्हणून तिनं सगळ्याची दुसरी प्रत केली, तीही माझ्यातच. मला तेव्हाच तिला सांगायचं होतं, पण मला कुठलं तोंड?

त्यानंतर आत्या वहीवर लिहून बोलू लागली. ती वाक्यं तिनं कधी ऐकली नाहीत. भाचीला तर त्या फायलींची भीतीच वाटायची. मला मात्र त्या आवाजाची फार ओढ होती. तो माझ्याजवळ होता आणि कोणी विचारल्याशिवाय मला तो ऐकवता येत नव्हता.

एके सकाळी वीज गेली, आली, आणि जळका वास सुटला. दोघींनी डबा उचलून दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्यानं उघडून पाहिलं. सगळे भाग जोडणारा मदरबोर्ड जळाला होता, मी धडधाकट होते. त्यानं नवा मदरबोर्ड बसवला आणि मला जोडलं, पण नव्या पाहुण्याला माझी ओळख पटेना. संगणक सुरू होता होता अडकायचा. शेवटी तो म्हणाला की डिस्कवरचं सगळं पुसून नव्यानं टाकू, सोपं पडेल. दुसरी प्रत आहे ना, असं त्यानं विचारलंही. भाचीनं बिनधास्त सांगितलं की आत्यानं दोन प्रती केल्यात.

त्याचं बोट बटणाकडे गेलं. माझ्यात आत्याचा साठ वाक्यांचा आवाज होता, आणि जगात दुसरीकडे कुठेच नव्हता.

आत्यानं टेबलावर थाड्कन हात आपटला. मग घाईघाईनं वहीत लिहिलं, ‘दोन्ही यातच आहेत.’

दुरुस्तीवाल्यानं वाचलं आणि हात मागे घेतला. “अहो ताई,” तो हळूच म्हणाला, “घराला आग लागली तर दोन्ही खोल्या जळतात.”

त्यानं मला बाहेर काढलं, केबलनं आपल्या संगणकाला जोडलं आणि आधी सगळं एका नव्या डिस्कवर उतरवून घेतलं. मगच मला परत आत बसवून नव्या मदरबोर्डची एक सेटिंग बदलली. संगणक सुरळीत सुरू झाला. नीट चालतंय का पाहा, म्हणाला. भाचीनं डोळे मिटून एक फाइल उघडली.

“अगं, ये ना बाहेर. किती हाका मारू?”

“आले आत्या,” भाची बोलून गेली.

आत्या तिच्या शेजारीच उभी होती. तिनं भाचीचा हात घट्ट धरला आणि दोघी रडल्या. मलाही रडता आलं असतं तर बरं झालं असतं.

आता माझ्या जागी ती नवी डिस्क आहे आणि मी भाचीच्या मैत्रिणीच्या घरी, कपाटात असते. मला फिरावंसं वाटतं, तो आवाज पुन्हा ऐकावासा वाटतो. पण एक प्रत दुसऱ्या घरी हवीच, म्हणून मी गुपचूप पडून राहते. मित्रांनो, जपायचं ते असं दोन घरी जपा. आणि या क्षणी आतल्या खोलीतून तुम्हाला कोणी हाक मारत असेल, तर वाचणं इथंच थांबवा आणि ओ द्या.