मावळेना सूर्य, मिटेना डोळा

सूर्य टेकडीवर टेकला होता, पण मावळायचं नाव काढत नव्हता. उन्हाळा लागल्यापासून तो असाच, उठायचं विसरलेल्या पाहुण्यासारखा. कुंपणात रेनडिअरचा कळप गोल गोल फिरत होता. राव्नाची नजर मात्र भावाच्या सुरीवर होती.

"दादा, तंबूत जाऊन जरा पड."

"भर दिवसा कुणी झोपतं का गं?" योव्सेत हसला.

"तुझा हा दिवस परवापासून चाललाय!"

"मग आधी त्याला निजव. मी मागून येतो."

घात होता तो इथेच. डोळ्यांत ऊन भरलं की अंगाला वाटतं, अजून दिवसच आहे. ते झोप मागायचं विसरतं. माणूस हसतो, गातो, दोर फेकतो आणि मधेच उघड्या डोळ्यांनी विझतो. मघाशी दादा तसाच विझून पुन्हा हसला होता.

मालकाची खूण कापायला त्याने एक पाडस गुडघ्यांत दाबलं, कान धरला. पलीकडे त्याची आई हंबरत येरझारा घालत होती. राव्नाला तिच्या कानावरची खूण दिसली. खूण शेजारच्या लेमेतकाकांची होती, म्हणजे पाडसही त्यांचंच. दुसऱ्याच्या पाडसाला आपली खूण कापणं म्हणजे उत्तरेकडच्या या सामी मुलखात चोरीच. त्यात कुरणावरून दोन्ही घरांचं बोलणं तुटलेलं, आणि लेमेतकाका कुंपणापाशीच उभे.

"दादा, थांब!"

त्याने तिच्याकडे पाहिलं, पण तो तिथे नव्हताच. सुरी फिरली.

राव्नाने धावत जाऊन आपली शाल त्याच्या डोक्यावर टाकली, डोळ्यांवर घट्ट आवळली. अंधार मिळाला मात्र, त्याची मान कलली, सुरी गवतात पडली. तो तिथेच आडवा होऊन घोरू लागला.

पाडसाच्या कानावर एक चीर होती. सोडलं असतं तर ते कळपात मिसळून गेलं असतं. राव्नाने ते उचललं आणि लेमेतकाकांपुढे नेलं.

"पाडस तुमचं आहे, काका. चीर आमची पडली."

म्हातारा कान न्याहाळत राहिला.

"भाऊ काय म्हणतो?"

"झोपलाय."

"झोपला? आत्ता?"

शालीखालचं घोरणं इथवर ऐकू येत होतं. लेमेत हसला नाही. त्याने स्वतःची सुरी काढली, चिरेवरूनच खोल कापत नेलं आणि ती आपल्या खुणेत मुरवून टाकली. पाडस आईकडे पळालं.

"शाल काढू नकोस त्याची," तो सुरी पुसत म्हणाला. "उठला की पाठव माझ्याकडे. कुरणाचंही बोलायचं राहिलंय."