तळावरचा कप

पडद्यावर पिवळं काहीतरी दिसलं आणि बाई खुर्चीतून उठल्याच. "थांब, थांब. मागे घे. अजून थोडं मागे."

जहाजावर सगळे त्यांना बाईच म्हणत. दगडांचा विभाग त्यांच्या हाताखाली होता, आणि रागावल्या की त्या चष्म्यावरून अशा बघत की भल्याभल्यांना आपली शाळा आठवे. आत्ता त्या ओरडल्या पायलटवर. पायलट म्हणजे विमानवाला नव्हे. चार हजार मीटर खोल, समुद्राच्या तळावर फिरणारं यंत्र तो वरच्या केबिनमध्ये बसून चालवत असे. त्याने यंत्र मागे घेतलं. दिव्याच्या उजेडात जिकडे बघावं तिकडे बटाट्याएवढे काळे गोटे पसरले होते आणि त्यांच्यात नीट उभा होता एक चहाचा कप.

"लोक कुठेही कचरा टाकतात," पायलट म्हणाला.

"लोक नाही रे. आमच्या ह्यांचा आहे तो."

बोटीवर कलंडू नये म्हणून बाईंनीच नवऱ्याला तो रुंद बुडाचा कप घेऊन दिला होता. कलंडला नाही, थेट समुद्रात गेला. दोघं एकाच विषयातले, बऱ्याच वर्षांपूर्वी याच भागात एकाच मोहिमेवर आलेले. कठड्याशी उभं राहून बाईंना मुद्दा पटवून देताना ह्यांनी कप धरलेला हात उडवला, तेवढं पुरलं.

मुद्दा अर्थातच गोट्यांचा होता. गोटा बनतो कसा यावर दोघांचं एकमत होतं. तळावर शार्कचा दात पडतो, नाहीतर शिंपल्याचा तुकडा. पाण्यात विरघळलेलं मँगनीज आणि लोखंड त्यावर कणाकणाने बसत जातं, दहा लाख वर्षांत जेमतेम काही मिलिमीटर. घोडं अडलं होतं पहिल्या थरावर. ह्यांचं म्हणणं, पहिलं पुट भराभर चढतं, माणसाच्या एका आयुष्यात डोळ्यांना दिसेल इतकं, आणि वेग मंदावतो तो नंतर. बाई म्हणत, पहिला थर काय आणि शेवटचा काय, समुद्राला कसली घाई? या एका गोष्टीपायी त्यांच्या घरात कितीदा ताटं निवली आणि किती पाहुणे हात न धुताच पळाले, त्याची गणती नाही.

ते गेले, पण भांडण काही मिटलं नाही. भाजी चिरताना बाई अजून मुद्दे मांडत आणि त्यांच्या वतीने उत्तरंही स्वतःच देत. कधीकधी उत्तर इतकं बिनतोड सुचे की त्यांना खरोखरच राग येई.

"उचलू का?" पायलटने विचारलं. यंत्राचा पंजा कपाशी जाऊन थांबला होता.

बाई पडद्याजवळ सरकल्या. इतकी वर्षं तळावर पडलेल्या कपावर पुट चढलं असेल किंवा नसेल, एका नजरेत निकाल लागणार होता. आणि निकाल लागला की संध्याकाळी बोलायचं काय? घरात तेवढाच एक आवाज उरला होता, तोही बंद पडणार. "जरा थांब," म्हणून त्यांनी बाहेर जाऊन लेकीला फोन लावला. लेक दातांची डॉक्टर. हे भांडण ऐकतच लहानाची मोठी झालेली.

"राहू दे का गं तिथेच?"

"आई, बाबा असते तर त्यांनी स्वतः पाण्यात उडी मारली असती."

हे अगदी खरं होतं. बाई परत आल्या आणि म्हणाल्या, "उचल."

कप वर यायला बराच वेळ लागला. तोवर बाईंनी तीनदा चहा मागवला आणि एकदाही प्यायला नाही. कप हातात आल्यावर त्यांनी बुडाचा गाळ हलकेच धुतला, भिंग लावलं, आतून-बाहेरून पाहिलं. पिवळा रंग दुकानातून आणल्यासारखा चकाकत होता. काळ्या पुटाचा मागमूस नाही.

"नवाच दिसतोय की!" पायलट म्हणाला.

"जिंकले मी," बाई म्हणाल्या आणि त्यांना रडू आवरेना. बिचाऱ्या पायलटला काही कळेना. तो पाणी आणायच्या निमित्ताने बाहेर सटकला.

बाईंनी पुन्हा फोन लावला. "बाबा हरले तुझे."

 लेक म्हणाली, "हरले कसे? कपाला झिलई असेल ना? दवाखान्यात रोज बघते मी. दातांवर डाग धरतात, शेजारच्या गुळगुळीत कॅपवर काही टिकत नाही. असल्या चकचकीत कपावर काय कपाळ बसणार?"

"बुडाला झिलई नसते," बाई नाक ओढत म्हणाल्या. "मी बघितलं. तिथेही काही नाही."

"बूड गाळात रुतलं होतं की नाही?"

"होतं."

"मग त्याला पाणी लागलंच कुठे? नमुनाच चुकीचा आहे तुझा. बाबांनी हा मुळीच मान्य केला नसता, आणि मीही करत नाही."

बाईंचे कान तापले. त्यांनी खुर्ची ओढली, ऐसपैस बसल्या आणि पदराने डोळे पुसले.

"फोन ठेवू नकोस हं," त्या म्हणाल्या. "मला अजून बोलायचंय."