दुष्काळी रस्ते

"दगड! डावीकडं घ्या, डावीकडं!"

"केवढा?"

"नारळाएवढा. गेला आता. पुढं सरळ हाय, पण मुरूम मोकळा झालाय. हळू घ्या."

"हळू घ्यायला ही काय बैलगाडी हाय?" म्हणत ह्यांनी मूठ पिळली आणि राजदूत फटफटी अशी उसळली की माझा अंबाडाच सुटला.

ड्रायव्हरची बायको मी, पण असली ड्रायव्हरी कुणाच्या नशिबी येऊ नये. गाडी चालवणार नवरा आणि रस्ता बघणार मागं बसलेली बायको! नवऱ्याचं नाव घ्यायचं तर उखाणा लागतो, पण सांगायलाच हवं, भिकन. एसटीवर ड्रायव्हर. नाशिक-कळवण बस कैक वर्षं चालवली, एक कोंबडीसुद्धा मारली नाही. मग ब्याऐंशी साली डोळ्यांची तपासणी झाली. डॉक्टर म्हणाले, नजर कडेकडून आत आत मिटत चाललीय, याला औषध नाही. समोरचं दिसायचं, पण नळीतून बघावं तेवढंच. आणि तेवढंही दर सहा महिन्यांनी कमी.

रस्त्यावरून काढून ह्यांना डेपोच्या आवारात घातलं. धुतलेली बस पंपावर न्यायची, पंपावरची फलाटाला लावायची, किल्ली दुसऱ्याच्या हाती द्यायची. गोटीराम, म्हणजे आमच्या शेजारच्या खोलीतला, ह्यांच्या बरोबरीचा ड्रायव्हर, ती बस घेऊन गेटाबाहेर पडायचा आणि हे भिंतीच्या आत चालत माघारी यायचे.

"मालन, दिवसभर मी दुसऱ्या गिअरच्या वर जात नाय गं," एकदा जेवताना म्हणाले, आणि अर्धी भाकरी ताटात ठेवून उठले.

पुढं एकदा आवारातच खांबाला बस घासली. ब्रेकवरून पाय घसरला, असं साहेबाला सांगितलं आणि आपणहून टायरच्या शेडमध्ये काम मागून घेतलं. खरं काय ते फक्त मला ठाऊक. नजर किती गेलीय हे कळलं असतं तर घरी बसवलं असतं. नोकरीचं एक वेळ सोडा, पण शेडमध्ये हवा भरतानासुद्धा सगळे त्यांना 'डायवर' म्हणूनच हाक मारत. त्या हाकेवर माणूस जगत होता.

म्हणून मग रविवार. विहारात वंदना झाली की राजदूत काढायची. डांबरी सडकेवर जाण्याची सोय नव्हती, तिथं चहूबाजूंनी ट्रक. आम्हाला हवा होता सरकारी, मोकळा, मुरमाचा, खडीचा रस्ता, ज्यावर कुणी म्हणजे कुणी येत नाही. असले रस्ते शोधायला ह्यांना माझ्यासारखी बायको मिळाली हे नशीबच म्हणायचं. बाहत्तरच्या दुष्काळात मी सिन्नरकडं माहेरी होते, लग्न व्हायचं होतं. सरकारनं हाताला काम दिलं. काम म्हणजे खडी फोडायची आणि रस्ते करायचे. रस्ता कुठं जातो हे विचारायचं नाही. मग पाऊस आला, मुकादम गेले, माणसं पेरणीला गेली आणि रस्ते जिथल्या तिथं थांबले. कुठला ओढ्याशी संपतो, कुठला नुसताच माळावर. मला सगळे पाठ होते. आमच्या वसाहतीमागून कालव्याच्या कडेचा मुरमाचा रस्ता निघायचा, त्याला धरून सिन्नरच्या अंगाला गेलं की दुष्काळी रस्ते एकातून एक फुटत जायचे.

एकदा एका मळेवाल्यानं बाभळीची फांदी आडवी टाकलेली. म्हणतो, "हिकडून जायचं नाय. आमची हद्द हाय."

मी उतरले. "हद्द तुमची बांधापातूर. रस्ता सरकारी हाय. ही खडी मी फोडलीय, हाताचे घट्टे दाखवू का?"

त्यानं मुकाट्यानं फांदी ओढली. हे घरी येईपर्यंत हसत होते, गाडी हलत होती आणि मी मागून पाठीत बुक्क्या मारत होते. मजा यायची, खोटं कशाला बोलू? पण जीव मुठीत असायचा. उतरावं म्हटलं तर उतरता येत नव्हतं, येत नाही म्हणावं तर ते एकटे जातील ही धास्ती. कुणाला सांगावं तर त्यांची अब्रू. आणि रस्ताही असा की सुटका नाही.

"पुढं काय हाय?" रस्ता संपला की ते विचारायचे.

"ओढा."

"पूल?"

"पुलाच्या आधी पाऊस आला ना!"

मग आल्या वाटेनं परत.

त्या रविवारी वारं फार होतं. गॉगल ह्यांच्या डोळ्यांवर, ड्रायव्हरचा जुना, रबरी पट्ट्याचा. माझ्या डोळ्यांत मुरूम गेला. मी पदरानं डोळा चोळला, एवढंच. तेवढ्यात बाजूच्या पायवाटेनं एक म्हातारी डोक्यावर हंडा घेऊन रस्त्यावर आली. ती होती उजव्या अंगाला, म्हणजे ह्यांच्या लेखी नव्हतीच. मी किंचाळले तेव्हा चाक तिच्या लुगड्याला लागून गेलं होतं. हंडा खडीवरून ठणठण करत किती तरी लांब गेला. गाडी चिंचेच्या झाडाजवळ जाऊन थांबली.

"काय होतं ते?" हे विचारत होते. "मालन, काय वाजलं?"

मी धावत म्हातारीकडं गेले. चांगली धडधाकट उभी होती, फक्त ओलीचिंब. मला ढकलून ती ह्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"डोळे फुटले का रं तुझे, मुडद्या?"

हे गाडीवरून उतरले. आवाजाच्या दिशेनं हात जोडले.

"हो माय. फुटलेत."

इतक्या वर्षांत हे पहिल्यांदा त्यांच्या तोंडून बाहेर पडलं, तेही परक्या बाईपुढं. तिनं ह्यांच्याकडं नीट पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि चेमटलेला हंडा उचलून पुन्हा विहिरीच्या वाटेला लागली. मी चिंचेखाली बसून ढसाढसा रडले. हे रडले नाहीत. नुसते स्वतःचे हात बघत बसले.

बऱ्याच वेळानं त्यांनी गॉगल काढला आणि चाचपत माझ्या डोक्यावर चढवला.

"ज्याला दिसतं त्यानं घालावा. ऊठ, क्लच दाखवतो."

"अहो, वेड लागलं का? बाईमाणूस मी!"

"मग घरी कोण नेणार? त्या म्हातारीला बोलवू?"

नऊवारीचा काष्टा आवळला. खरं तर नऊवारी गाडीसाठीच केलेली असावी, पाय दोन्हीकडं टाकून ऐसपैस बसता येतं. दोनदा पडले. कोपर फुटलं. तिसऱ्यांदा गाडी सरळ गेली आणि मागून आवाज आला, "शाब्बास! आता गिअर टाक, नाहीतर इंजिन रडतंय ते ऐकून मला रडू येईल."

तेव्हापासून रविवार उलटा झाला. मागं बसलेला ड्रायव्हर म्हणजे काय, ते विचारू नका! चाकाखालच्या आवाजावरून सांगायचे, "मोठी खडी आली, मूठ सोड." "इथं मुरूम दबलाय, पळव की जरा, मिरवणूक हाय का?" कधी अगदीच गप्प असायचे. तेव्हा त्यांचे हात माझ्या कमरेला असले तरी बोटं हलत असायची, हँडल धरल्यासारखी. ते मला जास्त लागायचं.

आणि वसाहत जवळ आली की खरी पंचाईत. लोकांसमोर बायको पुढं, ड्रायव्हर मागं? ते लाजेनं मेले असते. म्हणून वंदनेलाही न थांबता पहाटेच गाडी कालव्यापर्यंत ढकलत न्यायची, कारण लोक झोपलेत, आवाज नको. आणि संध्याकाळी कालव्याशी उतरायचं, हँडल त्यांच्या हाती द्यायचं, मी एका बाजूनं धरून वाट दाखवायची आणि गाडी ढकलत घरी आणायची.

"बंद पडली का?" शेजारी विचारायचे.

"हो, बंद पडली."

ज्या गाडीचा नट न् नट हे लेकरासारखा पुसायचे, तिची दर रविवारी बदनामी.

दिवाळीच्या आधीचा रविवार. सगळी चाळ ओट्यावर बसलेली. गोटीराम आम्हाला पाहून हसला.

"काय भिकनभाऊ, परत? अहो, भंगारात घाला आता तिला!"

"प्लग गेलाय," हे म्हणाले.

"असा कसा दर रविवारी जातो? थांबा, बघू द्या."

"राहू द्या, भाऊजी," मी म्हणेपर्यंत त्यानं किल्ली फिरवून किकवर लाथ मारली. एकच. राजदूत लगेच सुरू झाली. इतकी गोड चालू होती की ओट्यावरची पोरंसोरंही वळून बघायला लागली. हे हँडल धरून उभे, मान ताठ, नजर कुणाकडेच नाही. संपलं सगळं, असं वाटलं. गोटीराम डेपोतला, त्याला कळलं म्हणजे उद्या डेपोला कळणार.

गोटीरामनं ह्यांच्याकडं पाहिलं. मग माझ्याकडं. बराच वेळ माझ्या तोंडाकडंच पाहत राहिला. त्याचं हसू हळूहळू गेलं. त्यानं वाकून किल्ली फिरवली, गाडी बंद केली.

"आवाज बरोबर नाय हिचा," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "तुमचंच खरं. अशी चालवली तर इंजिन बसंल. ढकलतच न्या."

आणि स्वतः मागून हात लावून दारापर्यंत ढकलत आला. दाराशी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "वहिनी, आधी तोंड धुऊन घ्या."

मी आत जाऊन आरशात पाहिलं. कपाळापासून हनुवटीपर्यंत सगळं तोंड मुरमाच्या धुळीनं तांबडं झालेलं, आणि डोळ्यांभोवती गॉगलची दोन स्वच्छ वर्तुळं.

बाहेर हे फडक्यानं गाडी पुसत असावेत. मी पाण्याचा तांब्या उचलला तेव्हा गोटीरामचा आवाज आला.

"येतो मग, डायवर. सकाळी डेपोत भेटू."